कबुलीजबाबाची कादंबरी आणि आपली समीक्षा

१

काही महिन्यांपूर्वी नाशिकमध्ये राजकीय कादंबरीविषयी एक चर्चा झाली. तीत आर्थर कोस्लर यांच्या 'डार्कनेस ॲट नून' (१९४०) या कादंबरीचा विषय निघाला, आणि तिच्याविषयी दोन मते ठामपणे मांडली गेली. पहिले मत असे की, ही कादंबरी मॉस्कोच्या दिखाऊ खटल्यांवर लिहिलेली आहे. ती राजवट १९९१ मध्ये संपली. तेव्हा कादंबरीचे प्रयोजनही संपले, आता ती अभ्यासक्रमापुरती वाचावी. दुसरे मत असे की, असा खटला आपल्या परंपरेला मुळातच परका आहे. आपल्याकडचा राजकीय आरोपी न्यायासनापुढे वाकला नाही, त्याने न्यायासनालाच आरोपी केले. दुसऱ्या मताला टाळ्याही मिळाल्या. ज्या गावात जॅक्सनचा वध झाला त्या गावात त्या मिळणे स्वाभाविकच होते.

प्रस्तुत लेखकाला ही दोन्ही मते अमान्य आहेत. ती परस्परांहून भिन्न वाटली, तरी एकाच चुकीच्या वाचनातून ती निघाली आहेत. दोन्ही मते खटल्याच्या कादंबरीत खटला शोधतात. कोस्लर यांची कादंबरी मात्र खटल्याची नसून कबुलीजबाबाची आहे. कबुलीजबाब म्हणजे काय, याचा विचार आपल्या समीक्षेने आजवर फारसा केलेला नाही. तो न केल्याचे परिणाम केवळ वाङ्मयीन नाहीत, असे येथे दाखवावयाचे आहे.

२

प्रथम संहितेकडे पाहू. कादंबरीचा नायक रुबाशोव हा क्रांतीच्या पहिल्या पिढीतील नेता आहे. त्याला अटक होते; तीन चौकश्या होतात; जे अपराध त्याने केलेलेच नाहीत त्यांची कबुली तो देतो; जाहीर खटला होतो आणि त्याला गोळी घालण्यात येते. देशाचे नाव कोठेही येत नाही. हुकूमशहाचा उल्लेख केवळ 'क्रमांक एक' असा होतो. तीन चौकश्यांना तीन भाग दिलेले आहेत. चौथ्या, शेवटच्या भागाला कोस्लर यांनी 'व्याकरणातील कल्पित' अशा अर्थाचे नाव दिले आहे. हे कल्पित म्हणजे प्रथमपुरुषी एकवचन, म्हणजे 'मी'. पक्षाच्या भाषेत ज्या सर्वनामाला स्थान नव्हते, ते रुबाशोवला कोठडीत, दुखऱ्या दातासह, पुन्हा भेटते.

या रचनेतील एका गोष्टीकडे वाचकांचे हमखास दुर्लक्ष होते. ज्या जाहीर खटल्यासाठी ही कादंबरी प्रसिद्ध आहे, तो खटला कादंबरीत प्रत्यक्ष घडतच नाही. न्यायालयाचे दालन, फिर्यादी पक्षाचा वकील, प्रेक्षक यांपैकी काहीही लेखक आपल्यासमोर उभे करीत नाही. रुबाशोवच्या इमारतीचा म्हातारा दरवान वासिली अंथरुणावर पडलेला आहे आणि त्याची मुलगी त्याला वर्तमानपत्रातील वृत्तांत वाचून दाखवीत आहे, एवढेच आपण पाहतो. मुलीचा त्या वृत्तांतावर विश्वास आहे, किंवा तसा तो असणे तिच्या सोयीचे आहे. म्हाताऱ्याला काहीतरी सलते, पण ते बोलण्याची त्याची शामत नाही. दिखाऊ खटला हा दाखविण्यासाठी असतो. तेव्हा त्याचे खरे घटनास्थळ न्यायालय नसून तो जेथे वाचला जातो ती खोली होय, हे कोस्लर यांनी या एका निवेदनयोजनेने स्पष्ट केले आहे. रुबाशोवची खोली आपल्यापासून दूर असेल. दरवानाची खोली तशी दूर नाही.

३

आता पहिल्या मताकडे वळू. राजवट संपली म्हणून कादंबरी संपली, हा युक्तिवाद वरवर पाहता सयुक्तिक वाटतो. ऑगस्ट १९३६ मध्ये झिनोव्हिएव, कामेनेव यांच्यासह १६, जानेवारी १९३७ मध्ये १७ आणि मार्च १९३८ मध्ये बुखारिन, रिकोव यांच्यासह २१ आरोपी, असे ते तीन खटले. बुखारिनचे न्यायालयीन पुनर्वसनही १९८८ मध्ये झाले. मग उरले काय?

उरला तो कबुलीचा व्यूह. तो मॉस्कोतच राहिला नाही. नोव्हेंबर १९५२ मध्ये प्रागमध्ये स्लान्स्की आणि इतर १३ जणांवर खटला झाला; ११ जणांना फाशी झाली. वाचलेल्या तिघांपैकी एक, आर्टुर लंडन, यांनी १९६८ मध्ये आपला अनुभव लिहिला आणि त्या पुस्तकाचे नावच 'कबुली' या अर्थाचे ठेवले. आरोपींकडून प्रश्नोत्तरे पाठ करून घेतली गेली होती, ही गोष्ट आता सर्वज्ञात आहे.

शिवाय मॉस्को नाशिकपासून आपण समजतो तितके दूर नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'च्या प्रयोगाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन याच्यावर ज्या पिस्तुलाने गोळ्या झाडल्या, ते लंडनच्या इंडिया हाऊसमधून आलेल्या पिस्तुलांपैकी होते. त्याच इंडिया हाऊसच्या वर्तुळात वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय वावरत होते. पुढे ते साम्यवादी झाले, सोव्हिएत रशियात स्थायिक झाले, आणि १९३७ मध्ये त्याच राजवटीने त्यांना ठार केले. त्याच वर्षी अबनी मुखर्जी यांचाही असाच अंत झाला. दोघांनाही जाहीर खटल्याची प्रतिष्ठा लाभली नाही. यादीतील नावे म्हणून ते गेले. मॉस्कोचे तीन खटले हा एका फार मोठ्या संहाराचा केवळ दर्शनी भाग होता.

येथे प्रामाणिकपणे एक आक्षेप नोंदविला पाहिजे. पक्षावरील निष्ठेपोटी, 'शेवटची सेवा' म्हणून रुबाशोव खोटा अपराध मान्य करतो, हे कोस्लर यांचे स्पष्टीकरण ऐतिहासिक दृष्ट्या अपुरे आहे. १९५६ मध्ये ख्रुश्चेव यांनीच मारहाण आणि छळ मान्य केला. बुखारिनच्या मागे तरुण पत्नी आणि तान्हे मूल होते. प्रत्येक कबुलीमागे तत्त्वज्ञान असतेच असे नाही. पुष्कळदा तेथे झोपेविना गेलेल्या रात्री असतात. शीतयुद्धात या कादंबरीचा प्रचारासाठी वापर झाला, हेही खरे. परंतु कादंबरीचा वापर कोणी केला यावरून तिचा अन्वयार्थ ठरवावयाचा, तर आरोपीचे म्हणणे न ऐकता त्याच्या ओळखीच्या माणसांवरून निकाल देण्यासारखे ते होईल. ती पद्धत कोणाची, हे सांगावयास नको.

४

दुसरे मत अधिक गंभीर आहे, कारण त्यात सत्याचा मोठा अंश आहे. १९०८ च्या जुलैमध्ये मुंबईच्या न्यायालयात टिळकांनी ज्यूरीपुढे अनेक दिवस भाषण केले आणि सहा वर्षांची शिक्षा घेतली. कान्हेरे यांनी वध केल्याचे स्पष्टपणे मान्य केले. १९ एप्रिल १९१० रोजी त्यांना, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांच्यासह, ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. मीरत खटल्यात (१९२९-३३) डांगे, मिरजकर, घाटे, निंबकर, जोगळेकर, अधिकारी आदी मंडळींनी आरोपीच्या पिंजऱ्याचे व्यासपीठ केले. मराठी मनाला राजकीय खटला म्हटला की हे चित्र दिसते. त्याचा अभिमान असण्यात गैर काही नाही.

परंतु या चित्रातील एका अटीकडे लक्ष गेले पाहिजे. या सर्व खटल्यांत सत्तेची भाषा आणि आरोपीची भाषा वेगळी होती. हा भेद इंग्रजी-मराठीचा नाही. टिळक इंग्रजीतच बोलले. भेद होता तो 'तुम्ही' आणि 'आम्ही' यांच्यात. न्यायाधीशाच्या 'राजद्रोह' या शब्दाला आरोपीच्या शब्दकोशात 'देशकार्य' असा प्रतिशब्द होता, आणि सभागृहाबाहेरचा समाज दुसरा शब्द मानीत होता. म्हणून कान्हेरे यांची कबुली ही कबुली असूनही शरणागती नाही. 'हे मी केले' असे सांगताना ते सत्य सांगतात, आणि त्या वाक्यातील 'मी' अबाधित राहतो.

रुबाशोवची अडचण नेमकी उलटी आहे. चौकशी करणाऱ्या ग्लेटकिनची भाषा हीच त्याची भाषा आहे. 'प्रतिक्रांतिकारक' या शब्दाला त्याच्यापाशी दुसरा प्रतिशब्द नाही. तो शब्द घडविण्यात त्याचाही हात होता. आपल्या सेक्रेटरीला, आर्लोव्हाला, त्याने याच शब्दांच्या हाती सोपविले होते. तेव्हा 'आमचे लोक न्यायासनापुढे गरजले, रुबाशोव का गरजला नाही' हा प्रश्न चुकीचा आहे. परक्याच्या न्यायासनापुढे गरजता येते. आपल्याच माणसांनी आपल्याच शब्दांत आरोप ठेवला असता माणूस काय करतो, हा कादंबरीचा प्रश्न आहे. आणि १९४७ नंतर तो आपलाही प्रश्न झाला आहे.

आणखी एक. नाशिक कटाच्या खटल्यात, तीन न्यायाधीशांच्या आणि ज्यूरी नसलेल्या विशेष न्यायासनापुढे, ३८ आरोपी होते. माफीचे साक्षीदारही होते. त्या साक्षीदारांच्या मनात काय चालले असेल? आपण त्यांचा धिक्कार करतो आणि पुढे जातो. हुतात्म्यांवर आपण नाटके, काव्ये, चरित्रे लिहिली. माफीच्या साक्षीदाराला कथनाच्या केंद्रस्थानी आणण्याचे मराठी कादंबरीने सहसा टाळले. ज्या माणसाची जीभ वळविली गेली त्याच्यात आपल्याला वाङ्मयीन स्वारस्य नाही. आपल्या परंपरेत रुबाशोव नव्हता असे नाही; आपण त्याला वाचण्यायोग्य मानले नाही.

५

आता भाषेकडे येऊ, कारण येथे मराठीला स्वतःचे काही सांगता येण्यासारखे आहे. इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचन एकच आहे. मराठीत दोन आहेत : श्रोत्याला वगळणारे 'आम्ही' आणि श्रोत्याला सामावणारे 'आपण'. एवढेच नव्हे, तर हेच 'आपण' आदरार्थी द्वितीय पुरुष म्हणूनही येते, आणि बोलीत कित्येकदा 'मी' या अर्थानेही येते. म्हणजे बोलणारा, ऐकणारा आणि दोघांचा समूह या तिघांनाही एकाच शब्दात राहता येते.

ग्लेटकिन मराठी बोलत असता तर? 'आपण हे मान्य करावे' असे वाक्य त्याने उच्चारले असते. त्यात हुकूम आहे की विनंती, चूक एकट्या रुबाशोवची आहे की पक्षाची, मान्य कोणी करावयाचे, हे काहीच ठरत नाही, आणि ते न ठरण्यातच त्या वाक्याचे सामर्थ्य आहे. दिखाऊ खटल्याचे सारे कौशल्य 'तुम्ही' आणि 'आम्ही' यांतील सीमारेषा पुसण्यात असते. आरोपीने 'तुम्ही मला दोषी ठरविता' असे म्हणता कामा नये; 'आपण चुकलो' असे म्हटले पाहिजे. आपल्या सभा, ठराव, पक्षबैठका, साहित्यसंस्थांच्या कार्यकारिणी आठवून पाहाव्यात. 'आपल्याला असे बोलून चालणार नाही' हे वाक्य आपण किती वेळा ऐकले आहे, आणि किती वेळा उच्चारले आहे?

या दृष्टीने पाहता मराठीत दिखाऊ खटल्याच्या सर्वांत जवळ गेलेली कृती ही कादंबरी नसून नाटक आहे : तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७). तेथे हुकूमशहा नाही, पक्ष नाही. आहे ती ओळखीच्या माणसांची टोळी, आणि खेळ म्हणून सुरू झालेला खटला. बेणारेला घेरणारी भाषा परकी नाही, तिच्याच वर्तुळातील आहे. आणि तिचे दीर्घ स्वगत न्यायासनाच्या कानी पडतच नाही. उलट विलास सारंगांच्या 'एन्कीच्या राज्यात' (१९८३) या कादंबरीत इराकमधील पोलिसी राजवटीचे भय आहे. पण ते तेथे नोकरीसाठी गेलेल्या परक्या माणसाचे भय आहे. त्या राजवटीचे 'आपण' त्याला लागू होत नाही. या दोन कृतींच्या मधोमध, म्हणजे राज्यसत्ता आणि 'आपण' यांच्या संगमावर, मराठी राजकीय कादंबरीची जागा रिकामी आहे.

६

ती रिकामी का राहिली, याचे एक उत्तर नाशिकच्याच तुरुंगात सापडते. १९३२-३३ च्या सुमारास येथे जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे आदी मंडळी बंदिवासात एकत्र आली. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना या कोठड्यांत आकाराला आली. सोव्हिएत प्रयोगाविषयीची ओढ त्या कल्पनेत होतीच. पुढे मॉस्कोच्या खटल्यांनी मसानींचा भ्रमनिरास झाला आणि १९३९ मध्ये ते पक्षातून बाहेर पडले. एका श्रद्धेचा उदय आणि तिचा भंग, अशी संपूर्ण कादंबरीची सामग्री एका तुरुंगाने पुरविली होती.

त्याच तुरुंगात, १९३३ च्या फेब्रुवारीत, साने गुरुजींनी अवघ्या काही दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. या पुस्तकाचा उल्लेख येथे अप्रस्तुत वाटेल. परंतु त्याची रचना आठवावी. श्याम रोज रात्री आश्रमातील सोबत्यांना आठवणी सांगतो, आणि त्यांतील कित्येक त्याच्या स्वतःच्या अपराधांच्या आहेत. तेथे कबुली पावन करते. श्रोते आणि वक्ता तिने जवळ येतात. हे पुस्तक अस्सल आहे आणि त्यातील कबुलीही अस्सल आहे, याविषयी प्रस्तुत लेखकाला शंका नाही. परंतु त्या संस्कारात वाढलेल्या आपल्या मनाला कबुली ही नेहमीच अंतःकरणातून येते असे वाटू लागले. ती काढून घेता येते, लिहून देता येते, पाठ करून घेता येते, ही शक्यताच आपल्या वाङ्मयीन जाणिवेत शिरली नाही. अश्रू दिसले की आपण पुरावा मागत नाही.

समीक्षेने तरी ही उणीव भरून काढावयास हवी होती. तिने नेमके उलटे केले. कलावादी समीक्षेने कोस्लर यांच्यासारख्या लेखकांना 'राजकारण' म्हणून बाजूला ठेवले. बांधिलकी मानणाऱ्या समीक्षेने त्यांना 'प्रतिगामी' म्हटले, आणि स्वतः एक चौकशी सुरू केली. लेखकाची भूमिका काय? तो कोणाच्या बाजूचा? आपल्या जन्मजात संस्कारांची त्याने जाहीर कबुली दिली आहे काय? कित्येक लेखकांनी प्रस्तावनांतून, मुलाखतींतून, अध्यक्षीय भाषणांतून ती दिली, आणि आम्ही तिला 'आत्मपरीक्षण' म्हणून शाबासकी दिली. 'आम्ही' हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे. एका तरुण कादंबरीकाराच्या पुस्तकाविषयी लिहिताना प्रस्तुत लेखकानेही कादंबरी बाजूला ठेवून त्याच्या भूमिकेचा जबाब मागितला होता. त्याने पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तो दिला. ती प्रस्तावना त्या पुस्तकातील सर्वांत निर्जीव पाने आहेत, आणि त्यांना कारण आमचे परीक्षण आहे.

याचा अर्थ लेखकाला राजकीय प्रश्न विचारू नयेत असा नाही. संहितेला विचारावेत, तिच्या निवेदकाला, तिच्या मौनांना, तिच्या सर्वनामांना विचारावेत. जबाब मागणे आणि वाचणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

७

हा वाद केवळ वाङ्मयाचा असता तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ ने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून अग्राह्य ठरविला. परक्या सरकारने केलेला हा कायदा आपल्याच पोलिसांवर अविश्वास दाखवीत होता. तो अविश्वास शहाणपणाचा होता. स्वतंत्र भारताने १९८७ च्या टाडा कायद्यातील कलम १५ ने त्याला अपवाद केला : अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब ग्राह्य ठरला. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध मानली. टाडा १९९५ मध्ये संपला. २००२ च्या पोटाने ती तरतूद परत आणली आणि २००४ मध्ये तोही गेला. परंतु महाराष्ट्राच्या १९९९ च्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यात, म्हणजे मोक्कात, कलम १८ म्हणून ती आजही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने जुना सर्वसाधारण नियम कलम २३ मध्ये कायम ठेवला, हे खरे. पण अपवाद अपवादाच्या जागी राहिलाच.

भारतातील न्यायालये म्हणजे मॉस्कोची न्यायालये, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. येथे वकील आहेत, अपील आहे, आरोपी निर्दोष सुटतात. असा सरधोपट समास करणे हा मॉस्कोच्या मृतांचाही अवमान ठरेल. मुद्दा वेगळा आणि लहान आहे. कबुलीवर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न कायदेमंडळाने आपल्या नावाने, एका विशिष्ट दिशेने सोडविला, तेव्हा ज्या समाजाने 'डार्कनेस ॲट नून' नीट वाचली होती त्याने निदान थोडी कुरकुर करावयास हवी होती. आपल्या वाङ्मयीन नियतकालिकांत ती ऐकू आली नाही. मार्च १९३८ मध्ये आपल्या अखेरच्या भाषणात बुखारिनने, सर्व अपराध पत्करीत असतानाच, आरोपीची कबुली हे न्यायाचे मध्ययुगीन तत्त्व आहे असे बजावले होते. मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने भर न्यायालयात ठेवलेली ती खूण होती. ती वाचण्यासाठी समीक्षकाचेच कान हवेत. कायदेपंडिताचे पुरेसे नाहीत.

त्या नाशिकच्या चर्चेनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना वर्तमानपत्र चाळत होतो. आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती : एका संशयिताला ताब्यात घेतले, 'पोलिसी खाक्या' दाखविताच त्याने गुन्ह्याची कबुली दिली. ही वाक्यरचना आपल्या सर्वांच्या इतकी परिचयाची आहे की, तीत एक शब्द काय झाकतो हे आपल्याला दिसतही नाही. ती बातमी वाचून घरात कोणी काही विचारले नाही. मीही पान उलटले, आणि मग वासिलीची मुलगी आठवली.